डावा स्पीकर

जुन्या बाजारात, एका बुधवारी,
गंजके पाने आणि नळाच्या तोट्यांमध्ये
दोन तबकड्या सापडल्या. एकशे वीसला दोन्ही.
एकीवर निळ्या कोटातले सात जण, नदीकडे पाठ करून.
दुसरीवर नुसता तळहात, हिरव्या रंगावर.
विकणारा म्हणाला, ब्राझीलच्या असतील.
होत्या किन्शासाच्या.

अकरा वर्षं मी दोघींची तुलना करतोय.
निळी थोरली. तिला घाई नाही.
गाणारा असा येतो, जसं कुणी
चपला काढून, पाय धुऊन
मग बसतं बोलायला.
हिरवी सुरुवातीला बरी,
पण मध्यावर गाणं टाकून देते
आणि गिटार एकटंच सुटतं,
तेच वाक्य, आठ मिनिटं, मध्ये भोकं पडल्यासारखं.
दारूगोळा कारखान्यात जन्म गेला माझा,
भोंगा झाला की थांबायची सवय.
मला ते पोरकट वाटायचं.
वहीत लिहून ठेवलं: निळी श्रेष्ठ. कारणं चार.

मग वरच्या खोलीत इलुंगा राहायला आला,
लुबुम्बाशीचा, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला.
एकदा जिन्यातच थबकला,
बुटांसकट आत आला.
निळी ऐकून म्हणाला, ही आजोबांची.
हिरवी लावली, तर कपाळाला आठ्या:
काका, दुसरा माणूस कुठे गेला?

कुठला दुसरा?

त्यानं डाव्या स्पीकरमागे हात घातला.
तुटकी वायर, पालीची अंडी, एक केसांची पिन.
सोल्डरचा वास सुटला.
आणि त्या कोपऱ्यातून
दुसऱ्या गिटारनं उत्तर दिलं,
प्रत्येक भोकात नेमकं.
म्हणजे अकरा वर्षं देतच होतं.

निळीचं काही अडलं नव्हतं. ती मोनो,
एका कानालाही पुरी पडते.

शब्दांचा अर्थ विचारला तर इलुंगा हसला.
लिंगाला मलाही अर्धीच येते, आमच्या घरी स्वाहिली.
मग आम्ही दोघं न कळणारं ऐकत बसलो,
खडकीच्या रुळांवरून मालगाडी जाईपर्यंत.

डावीकडच्या खुर्चीत रत्नप्रभा बसायची.
म्हणायची, अहो, इथं नीट ऐकू येत नाही.
मी म्हणायचो, लक्ष नसतं तुझं.

वही काढली. चार कारणं खोडली नाहीत.
पिन पानात ठेवली, वही मिटली,
आणि हिरवी पुन्हा पहिल्यापासून लावली,
या वेळी डावीकडे बसून.