बे त्रिक सहा

हॅलिफॅक्सला, कार्पेटच्या जुन्या गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
मागांच्या वेळचे लोखंडी खांब तेवढे राहिलेत,
त्यातल्या एकावर डोरीन ऍकरॉइडनं चिकटवला कागद:
एक ते बारा, पाढ्यांचा चौकोनी तक्ता,
आकडे उजव्या काठाला सरळ.
सर्वांत कमी अक्षरांत जो छापेल
त्याला शुक्रवारी पोर्क पाय, शिजवलेल्या मटारांसकट.

माझी पहिली खेप एक्याहत्तर अक्षरांची.
नीटनेटकी. रांगेला रांगेचं नाव, रकान्याला रकान्याचं.
मग नावं गेली. आय आणि जे उरले,
दोन काटक्या.
मग मोकळ्या जागा खुडल्या
मेथीचे देठ खुडावेत तशा.
एक कंस काढला. गेल्यावर कळलं तो कशासाठी होता;
परत आणला.
बावन्न.
एकावन्न.
बुधवारी, रात्री बाराच्या पुढे, एकोणपन्नास.
पन्नासाला एक कमी, एवढंच सांगायचं असतं या शब्दाला,
आणि केवढा लांब होतो.

एकदा गंमत म्हणून देवनागरी आकडे छापायला गेलो.
मोजणी एकदम फुगली:
माझ्या लिपीतला एकेक आकडा तीन बाइटांचा,
त्यांचा एकाचा.
फाइल बंद केली, जतन न करता.

गुरुवारी डोरीन चहाचा मग घेऊन खुर्चीमागे उभी.
साठीला आलेली, कोबोलच्या काळातली.
मशीनमध्ये जागाच नसायची तेव्हा
ती वर्षांतलं शतक गिळून टाकायची,
'एकोणीसशे'ची चैन परवडत नसे, नुसतं ब्याऐंशी.
"तुम्ही पाढे कसे म्हणायचात?"
मी म्हणून दाखवले, शाळेतल्या सुरात, मान हलवत:
बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा.
तिनं बोटांवर मोजलं.
"तीन शब्द? गुणिले कुठंय? बरोबर कुठंय?"
नाही, म्हटलं. कधीच नव्हतं.
"मग तुझं काम आधीच करून ठेवलंय कुणीतरी."
हे कौतुक होतं. इथं कौतुक एवढंच असतं.
या गावात 'द'चंसुद्धा नुसतं 'ट्' उरलंय,
तेही जिभेच्या टोकाशी, ऐकू आलं तर आलं.

मग स्क्रीनकडे बोट: "दोन लूप कशाला?"
एक आडवा, एक उभा. तक्ता आहे ना.
"माझी आई याच मजल्यावर मागावर होती.
ताणा आधीच लावलेला असतो, उभा.
बाणा एकच. काठापर्यंत जातो, वळतो, परत येतो.
तू विणतोयस की पेट्या रचतोयस?"

एकच लूप. एकशे चव्वेचाळीस फेऱ्या,
बारा झाल्या की वळायचं.
सेहेचाळीस.
तिचे. पोर्क पायसुद्धा तिनंच खाल्ला,
मटार दिले मला थोडे.

घरी जाऊन तिचा कोड पुन्हा चालवला.
तक्त्याचा एक अर्धा दुसऱ्याची नुसती सावली:
सात आठी छप्पन, आठ साती छप्पन,
मधून तिरकी वर्गांची शिवण, एक, चार, नऊ, सोळा.
एवढं दुहेरी उघड्या डोळ्यांनी दिसत असून
मला ते कापता आलं नाही.
तीन रात्री घालवल्या. आता बक्षीसही नव्हतं.

मार्चअखेरीस ती निवृत्त झाली.
कार्डावर सगळ्यांनी दोन-दोन शब्द लिहिले, इथली रीत.
मी बेचा अख्खा पाढा लिहिला, मराठीत,
रॉनीला सही करायला जागा उरेना.
तिनं कार्ड लांब धरलं, जवळ धरलं.
"बे त्रिक सहा कुठली ओळ?"
मी बोट ठेवलं.
"टा," म्हणाली.
थँक्यू इथं एवढंच. तिचे दोन बाइट.
मी हे लिहून घेतलं तेव्हा सहा भरले.