खालची ओळ

मे महिन्यातली रात्र. विडी घरकुलातला पत्रा अजून तापलेला.
पंखा फिरतो, वारा नाही.
अनुषानं मोबाईल शेंगाचटणीच्या डब्याला टेकवलाय
आणि आम्ही तिघं एक सिनेमा बघतोय
ज्यातला एक शब्द आमच्या ओळखीचा नाही.

फिलिपिन्सची माणसं, परक्या शहरात कामाला आलेली.
ती एका म्हातारीला न्हाऊमाखू घालते,
तो हॉटेलाच्या तळघरात भांडी घासतो.
खाली इंग्रजीत ओळ येते,
अनुषा ती वाचून मराठीत सांगते,
अडली की तेलुगूत,
तोवर वरची माणसं पुढचं बोलून मोकळी.

माझ्या मांडीवर सूप.
हातांकडे बघावं लागत नाही मला.
पान, तंबाखू, वळ, सूत, तोंड मुडप.
पंचवीस झाल्या की कट्टा.
सत्तावीस वर्षांत मोजणी चुकली नाही,
सासू गेली त्या दिवशीसुद्धा.

हे भिंतीला टेकून.
नऊ वर्षं दोह्याला होते, हॉटेलाच्या लॉन्ड्रीत.
आले ते गुडघे तिकडंच ठेवून आल्यासारखे.
पाहुण्यांना एकच गोष्ट सांगतात:
पहिल्या दिवशी मशीनमधून टॉवेल काढला
तर कोपऱ्यातल्या लेबलावर सोलापूर.
"माझ्या आधी माझं गाव तिथं पोचून लोकांचे पाय पुसत होतं."
पाहुणे हसतात. मीही, दर वेळी.

सिनेमातला तो काहीतरी पुटपुटला
आणि हे हसले.
मग खाली ओळ आली.
मग अनुषानं वाचली.
मग आम्ही दोघी हसलो.

मी आणखी एक विडी बांधली.

पुढं ती खोका भरते, गावी पाठवायचा.
बुटात साबण, फटीत मोजे,
मोज्यांत चॉकलेटं, बोट शिरेल एवढी जागा रिकामी नाही.
असा खोका आमच्याकडं आला होता,
अनुषा सातवीत असताना.
ह्यांना तर पिशवीची चेनसुद्धा सरळ लावता येत नाही.
त्यात चपला होत्या, माझ्या,
अगदी पायाच्या मापाच्या.
त्याआधी फोन आला होता: "तुझा पाय किती नंबरचा गं?"
लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झालेली.
मी लाजले होते. शेजारच्या भूलक्ष्मीला बोलावून सांगितलं होतं.
अंदाजानं घेऊ नकोस, विचार तिला,
असं कुणीतरी म्हटलं असणार
हे आज, या डब्यासमोर बसून, सुचतंय.

सिनेमात रात्र. ती फोन लावते.
"कुमाईन का ना?"
का ना. कान फसतात, आपल्यातलंच कुणी वाटतं.

"जेवलो," हे म्हणाले.

मोठ्यानं नाही. आम्हाला नाही.
खालची ओळ अजून यायची होती.
ती आली, आणि अनुषा म्हणाली,
"ती विचारतेय, जेवलास का."

पलीकडच्या शेडातले माग चालूच होते.

नऊ वर्षं फोनवर मी काय विचारलं?
पगार झाला का. एजंटाचं किती राहिलं.
फी भरायचीय. पत्रा गळतोय.
मिनिटाला किती पडतात ते पाठ होतं मला,
जेवणापर्यंत मिनिटं पुरायची नाहीत.
कुणीतरी विचारलं असेल बापडीनं,
फुकटात, मशीनच्या आवाजात ओरडून.
राग कुठं ठेवावा ते कळेना.
सुपात जागा नव्हती.

शेवटी विमानतळ, काचेच्या दोन बाजूंना दोघं.
अनुषा नाक पुसत होती.
हे उठले, माठातलं पाणी प्यायले, आडवे झाले.
मी कट्टा मोजला. चोवीस.
परत मोजला. सव्वीस.
सकाळी कारखान्यात छाटणारा काय म्हणायचं ते म्हणेल.

दिवा मालवून मी विचारलं,
"का ना च्या आधी काय होतं हो ते?"

बराच वेळ खाली काही आलं नाही.