हत्तीबीड

कलेक्टर कचेरीतून फोन आला, मोडी वाचता ना तुम्ही?
पानामागे तीनशे, चहा वेगळा.
लष्करात आता आम्ही चारच उरलोत मोडीवाले,
त्यातल्या एकाला दिसत नाही
एक पुण्याला गेला मुलाकडे
आणि एकाशी कचेरीचं भांडण आहे.

म्हणून मी.
गुडघ्याला पट्टा बांधून, टेम्पोत अंग चोरून,
मुरारपलीकडच्या एकशे चाळीस बिघ्यांचं
काय लिहिलंय ते वाचायला.

दिल्लीचे साहेब म्हणत होते, जमीन छावणीची,
म्हणजे आमची. आम्ही विकू.
भोपाळचे साहेब म्हणत होते, छावणी कधीच उठली,
जमीन राज्याला द्या.
मग?
मग काय, आम्ही विकू.
एवढ्या मतभेदावर
दोन वर्षं पत्रव्यवहार, दोन मोर्चे, एक उपोषण.

दाराबाहेर बाकावर रामबेटी बघेल बसलेली.
शेळ्या खाली फाटकापाशी, नातवाच्या हवाली.
तिला कोणी बोलावलं नव्हतं.
हाकललंही नव्हतं कोणी.

लाल फडक्यातून कागद निघाला,
कडा कसरीनं खाल्लेल्या.
मोडीत आधी रेघ ओढतात,
पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
मग अक्षरं लटकवतात तिला
दोरीवर लुगडी वाळत घालावीत तशी.
शब्दाशब्दांत कुंपण नसतं.
जिथे श्वास घ्याल तिथे शब्द संपतो.

मी सावकाश श्वास घेत वाचलं:
बीड सरकारी, हत्तींच्या चाऱ्याबद्दल राखिले असे.
हत्ती चरून उरेल ते गवत गावच्या गुरांस.
कुंभारांनी नाल्याकाठची माती न्यावी, पैका घेऊ नये.
बाभळीस कुऱ्हाड लावू नये. वाट अडवू नये.
हे रान कोणास इनाम देणे नाही, विकणे नाही.

मालक कोण? तोमर वकिलांनी विचारलं.
मी पान उलटून पाहिलं.
मालकाचा रकानाच नव्हता.
काहीतरी नाव असेल की हो!
नावं होती. दोन. हत्तींची.
मोतीगज आणि चंचला.
सगळे हसले,
दिल्ली आणि भोपाळ त्या दिवशी पहिल्यांदाच एका सुरात.

चहाच्या वेळी व्हरांड्यात एक मुलगा जवळ आला.
पांढरे बूट, दोन मोबाईल.
पक्ष विचारला नाही,
गेल्या निवडणुकीपासून त्यालाही नीट सांगता आला नसता.
आजोळचं मराठी जपून बाहेर काढत म्हणाला,
काकू, ते शेवटचं 'नाही' जरा फिकट आहे, ना?

फिकट होतंच.
बोरूतली शाई संपत आली असणार तिथे.
संध्याकाळ झाली असणार,
लिहिणाऱ्यानं पुन्हा दौतीत बुडवायचा
कंटाळा केला असणार.
त्याला काय ठाऊक, त्याच्या आळसावर
पुढे कोणाचे टॉवर उभे राहू पाहतील.

फिकट आहे, मी म्हटलं. पण आहे.

महिन्याभरानं पेपरात आलं,
जुना दस्त जीर्ण व अवाचनीय, सबब विचारात घेतला नाही.
अवाचनीय पानं तीन,
वाचनाचे नऊशे रुपये.
व्हाउचर अजून मंजूर व्हायचंय.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं.
कठडा धरून जिना उतरत होते
तर रामबेटी मागून आली.
का लिखो है बाई, बकरियन को कछू है का?

कागदात हत्ती होते. गुरं होती.
कुंभार, बाभळी, नाला, वाट.
शेळीचा शब्द कुठेच नव्हता,
फिकटसुद्धा नव्हता.
आत मी एक काना इकडचा तिकडे केला नव्हता,
चाळीस वर्षांत कधीच नाही.

लिखो है, मी म्हटलं.
एवढं एक अक्षर पदरचं घातलं
आणि टेम्पोला हात केला.