कंबरेपाशी

वर्नाच्या दुकानात मागच्या बाजूला,
जिथे रेडिएटर दिवसभर खाकरतो,
तिथे माझं मशीन.
खिडकीतून डुलूथचं बंदर दिसतं
आणि एप्रिल अर्धा सरला तरी जागचा न हललेला बर्फ.

लोक खोकी आणून देतात. गेलेल्यांची कपाटं.
बहुतेक स्वेटरच, कसरीने चाळण केलेले.
परवा मात्र पातळ कागदाखालून
मोरपंखी टॅफेटा निघाला
आणि मी हात लावायच्या आत बोलला:
सळ्ळ.

सत्तावन्न-अठ्ठावन्न सालचा असावा.
लेबल नाही, घरी शिवलेला.
डाव्या कुशीत धातूची चेन.
घेर एवढा की टेबलावर मावेना,
दोन्हीकडून खाली सांडला.
आत जाळीचा परकर, अजून कडक.
साखरेच्या पाण्यात बुडवून
उघड्या छत्रीवर वाळवायच्या तो, असं ऐकलं होतं.
जिभेचं टोक लावून पाहिलं. कुणी बघत नव्हतं.
धूळ लागली.

मग उलटा केला.
कपडा खरं बोलतो ते उलट्या बाजूने.

कंबरेशी जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा:
पहिली नीट, चोवीस इंचांवर.
दुसरी दोन बोटं सैल.
तिसरी पुन्हा आत, पहिलीच्याही आत.
कुशीत चार वाकडे टाके, दोरा काळा.
काखेत घामाची पिवळी चंद्रकोर.

मी कहाणी रचली. रचतेच मी.
लग्न, मग मूल, मग आजारपण.
ते काळे टाके तिने अंथरुणात बसून घातले
इथपर्यंत पोचले
आणि उगीच नाक ओढत राहिले.

शुक्रवारी लेम्पी निस्कानेन आली,
सत्त्याऐंशी वर्षांची, बर्फाचे बूट घालून,
खोक्यात टाकायचा राहिलेला पट्टा द्यायला.
मी हळूच विचारलं,
शेवटी फार खंगल्या होत्या का त्या?
कोण?
ज्यांचा हा फ्रॉक, त्या.
लेम्पी इतकी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं.

आम्ही तिघी गं. कापड एकीपुरतं.
या शनिवारी आइली, पुढच्या शनिवारी साइमी,
त्याच्या पुढच्याला मी, काडीपैलवान.
दर बुधवारी रात्री आई कंबर उसवायची.
पट्टा तेवढा बदलायचो;
हॉलमधल्या पोरांना वाटे,
निस्कानेनांकडे तीन फ्रॉक आहेत.

आणि घडी कुणी मोडली? मी विचारलं.

लेम्पी दाराकडे बघून घेते, जणू कुणी येईल.
आइलीने मोडायची होती. पगार तिचा,
टेलिफोनच्या खटक्यांवर सहा महिने बसून जमवलेला.
पण आदल्या रात्री सगळे निजल्यावर
साइमीने तो चढवला, श्वास रोखून,
आणि चुलीभोवती एक गिरकी घेतली.
कॉफीचं भांडं गेलं. कूसही गेली, टर्रकन.
काळोखात मला दोरा दिसेना,
हाताला लागला तो ओवला.

आइलीला कळलं?
साठ वर्षं बोलली नाही काही.
जानेवारीत गेली. आता तुला सांगायला हरकत नाही.

मी कूस तिच्यापुढे धरली.
तिने चष्म्याशिवाय, बोटानेच
चारही टाके मोजले.

चंद्रकोरीचं विचारलं नाही. तिघींपैकी कुणाची, काय फरक पडतो.

तेवढ्यात ब्रिन आली, सतरा वर्षांची,
शाळेच्या नाचासाठी काहीतरी हवं होतं,
मॉलमधलं नको.
तिच्या मापाला कंबर उसवावी लागेल,
साइमीच्याही बाहेर, चौथी रांग.
शिवणीत तेवढी माया सोडलेली आहे.
कुणासाठी सोडली होती, कोण जाणे.

चेन अर्धवट लावून आरशापुढे ती वळली;
घेर तिच्या मागोमाग, किंचित उशिरा वळला
आणि माझा टाचण्यांचा डबा घेऊन गेला.

लेम्पी स्टुलावरून वाकून
टाचण्या वेचायला लागली.
राहू दे, म्हणाली मला,
ही पाडणारच.