अकरा आर

कागदावर माझी जमीन चौकोनी आहे.
उत्तरेला येर्मियासचा ताड,
पूर्वेला प्रवाळाच्या दगडांचा गडगा,
दक्षिणेला पायवाट,
पश्चिमेला समुद्र.
मोजणीवाल्यानं तिथं नुसती एक रेघ ओढली
आणि पेन्सिल कानावर ठेवत विचारलं,
"या बाजूच्या शेजाऱ्याची सही कोण देणार?"

रोटेची बोट धरली तेव्हा वहीत सहा खोल्या होत्या.
सहा खोल्या, समुद्राकडे तोंड केलेले चार ओटे,
सातव्या वर्षी मुद्दल सुटणार,
आठव्यापासून निव्वळ नफा.
आधी विहीर खणली. पाणी गोड लागलं.
दुसऱ्या महिन्यात चहा खारट.
येर्मियास म्हणाला, भरती विहिरीलाही येते.
तुमच्या वहीत ती कुठल्या रकान्यात?

इथं सगळे मला पाक म्हणतात, म्हणजे साहेब.
खरा पाक आडोल्फिनाच्या चुलीवर.
पहाटे नवरा ताडावरून रस उतरवतो,
ती दुपारपर्यंत ढवळत राहते,
मग थेंब पाण्यात टाकून बघते
गोळी धरते का.
माझ्याकडेही तशीच बघते.
"अजून कच्चा."

ओहोटीला बायका कंबरभर पाण्यात शिरतात,
दोरीला समुद्रशेवाळाचे तुकडे बांधत जातात
वितीवर एक गाठ, वितीवर एक गाठ,
दोरी तरंगावी म्हणून रिकाम्या बाटल्या.
पंचेचाळीस दिवस.
मी पन्नास दोऱ्या टाकल्या,
शहरातून आणलेल्या, जाड, महाग.
चाळिसाव्या दिवशी शेवाळ पांढरं पडलं,
बोट लागलं की गळायचं
आणि पाणी नुसतं ढवळून निघायचं.
आडोल्फिनाच्या अंगणात तिचं वाळत होतं,
जांभळं, करकरीत.
ती एक शब्द बोलली नाही.
सकाळी तिची पोर दाराशी ठेवून गेली
दोन मुठी बेणं.

कोरड्या दिवसांत पांढरी गाडी येते.
हेन्ड्रिकस, कुपांगचा दलाल,
त्याच्या मागं टोपीवाली दोन माणसं
जी पायऱ्या मोजावीत तशी लाटा मोजतात.
"तिप्पट देतो, पाक.
फक्त तेवढा ताड काढायला लागेल,
समुद्राच्या आड येतो."
ताड माझा नव्हता.
ज्याचा होता तो त्या वेळी वरच होता,
कमरेला कोयता, हातात रसाची टोपली.
थोडा रस सांडला
नेमका हेन्ड्रिकसच्या बुटांवर.
चुकून असेल. गाडी जाईपर्यंत
त्यावर मुंग्या आल्या होत्या.

ऑगस्टात ताडपत्रीखाली सगळी वस्ती बसली.
येर्मियासचा धाकटा शिकायला निघाला होता,
त्याच्या फीसाठी.
ओक्तोफियानुस वही उघडून एकेक नाव पुकारत होता:
अमुक, तांदळाचं पोतं.
तमुक, अर्धं डुक्कर.
मी पाकीट दिलं.
त्यानं ओरडून लिहिलं, "पाक, अकरा आर."
माझं खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं.

"हे परत येतं?" मी विचारलं.
तेवढी सवय गेलेली नव्हती.
"येतं की. तुमच्या घरात लग्न निघालं की."
माझ्या घरात कोणी नाही.
तो पेन तोंडात धरून थांबला,
मग चेहरा उजळला:
"मयत तर होईलच ना?"
सगळी ताडपत्री हसली. मीसुद्धा,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पश्चिमेची रेघ यंदा चार पावलं आत आलीय.
मोजणीवाल्याला कळवलं नाही.
सहा खोल्यांचं पान अजून फाडलेलं नाही,
त्याची मागची बाजू कोरी होती,
तिथं कंदिलाच्या उजेडात लिहिलं:
आडोल्फिनाचं बेणं, मुठी दोन.
आणि पुढं, रकाना नव्हता तरी,
देणं.