साठ शिक्के

ताप एकांतऱ्याचा. वेळेचा पक्का.
एक दिवस सोडून, दुपारी तीनच्या भोंग्याला
दात वाजायला लागायचे,
आणि भुसावळच्या लोको शेडमधले सगळे हातोडे
माझ्या हाडांवर पाळी भरायचे.

रेल्वे दवाखान्यातली गोळी कडू.
आई ती केळ्यात खुपसून द्यायची.
मी केळं खायची,
गोळी खाटेच्या पायामागे थुंकायची.
हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

एलोजीमामा अष्टमीहून आला,
सुक्या बोंबलांचं गाठोडं आणि बाबेलचे उपाय घेऊन.
सात खजुरींचे सात काटे, म्हणाला,
सात तुळयांच्या सात ढलप्या,
सात पुलांचे सात खिळे, सात चुलींची राख,
सात म्हाताऱ्या कुत्र्यांचे सात केस,
पांढऱ्या दोऱ्यानं गळ्यात.
बाबा फिटर. म्हणाले,
कुत्री प्लॅटफॉर्मवर हवी तेवढी आहेत, मामा,
पण पुलांचे खिळे काढले
तर ताप अख्ख्या मेलगाडीला येईल.

मग स्वस्तातला उपाय. मुंगी.

चौफुलीवर बसायचं. ओझं वाहणारी मोठी मुंगी दिसली
की उचलून तांब्याच्या नळीत घालायची,
शिशानं तोंड बंद, वर साठ शिक्के.
नळी हलवायची आणि म्हणायचं:
तुझं ओझं माझ्यावर,
माझं ओझं तुझ्यावर.

जामनेर रोडची चौफुली. वैशाख.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
केळीच्या घडांनी भरलेल्या बैलगाड्या
आम्हा तिघांना वळसा घालून जात होत्या:
टोपीवाला मामा, खाकीतले बाबा,
आणि गोधडीत गुंडाळलेली मी.

द्रुपताबाई फेगडे चाऱ्याचा भारा घेऊन थांबली.
काय करून राह्यले भाऊ?
बाबांनी सांगितलं.
ती हसली नाही. भारा खाली ठेवला, विचार केला.
आन त्या मुंगीवर पह्यलेच कोनाचा ताप आसला, म्हंजे?

मामाचं तोंड उघडंच.
नंतर म्हणाला, हीच शंका
तिकडे एका पंडितानं दुसऱ्याला विचारलेली आहे,
ग्रंथात आहे, दीड हजार वर्षं झाली,
आणि ह्या बाईनं चाऱ्याच्या भाऱ्याखाली!
त्यावर उताराही होता. मंत्र बदलायचा:
माझंही ओझं आणि तुझंही,
दोन्ही तुझ्यावर.

मी मुंगीकडे पाहिलं.
तिच्या तोंडात दादरचा अर्धा दाणा होता,
तिच्याहून मोठा.
मोठ्यानं मी मामाचं म्हटलं.
मनात पहिलंच.

बाबांनी शेडमधून नंबरपंच आणला.
चाळिसाच्या पुढे जेवणाची सुट्टी झाली, मोजदाद हुकली.
साठ पडले की त्रेपन्न, ते नळीच जाणे.

पहिल्या रात्री गळ्याशी खरवड होती.
दुसऱ्या रात्री थोडी.
तिसऱ्या दिवशी तीनचा भोंगा वाजला,
दात गप्प राहिले.
मी नळी कानाला लावली.
तीही गप्प.

आईनं डॉक्टरांना नारळ दिला.
मामानं गावी पत्र लिहिलं, सगळ्या शिक्क्यांसह.
द्रुपताबाई एवढंच म्हणाली की मीठ-मोहऱ्या
तिनं रात्रीच उतरवल्या होत्या, आमच्या ओट्यावरून,
न विचारता.
गोळ्या पावसाळ्यात सापडल्या,
झाडूला चिकटलेल्या, अकरा.
मी म्हटलं, उंदरांनी आणल्या असतील.

मामाची नातवंडं लोदला गेली.
क्वार्टर सोडलं तेव्हा चौकटीवरची मेझुझा काढली,
दोन भोकं राहिली.
नळी माझ्याकडेच आहे.
नात म्हणते, आजी, उघडून बघू.
मी म्हणते, नको, कुणाचा ताप असेल त्यात.

खरं कारण वेगळं आहे.
सौद्याचा अर्धा भाग तिनं पाळला.
माझा भाग म्हणजे तो अर्धा दाणा.
एकाहत्तर वर्षं झाली, उचलून आहे.
कुठे न्यायचा होता,
ते विचारायचं राहून गेलं.