किटलीतला माठ

किटली फक्त चहासाठी,
असा कागद वॉर्डनबाईंनी दारामागे चिकटवलाय.
त्याच कागदाखाली हेमलता मडावी
लाल माठ निवडत बसते.

रात्री साडेनऊला परळच्या पुलाखाली
उरलेल्या जुड्या दहाला दोन.
एक सुकलेली, एक बरी.

देठ आधी, ती सांगते, पानं मागाहून.
लसूण पेल्याच्या बुडानं ठेच.
तेल नको, तळाला धरतं.
पाणी बोटभर, मीठ चिमूट.
खटका पडला तरी झाकण उघडायचं नाही,
हृदयाचे कप्पे एकदा म्हणून काढायचे,
मग वरून जवसाची चटणी, तिच्या आईची,
आणि पाव.
सकाळचा चहा जरा गुलाबी होतो.
वॉर्डनबाईंना अजून पाजलेला नाही.

एकदा फ्यूज उडाला.
अख्खा मजला अंधारात, आणि आम्ही दोघींनी
अर्धाकच्चा माठ तसाच संपवला,
कुणी हसायचं नाही असं ठरवून.

आज सात नंबरच्या बेडवर
शिंत्रेबाईंची नाडी मोजत होते.
डोळे मिटूनच त्या म्हणाल्या,
लसूण जरा जास्त पडला का गं काल?

मोजणी चुकली.
पुन्हा एकपासून धरली.